चोवीस तास कोरडं

आमचा मामा बाथरूमचे आणि ओट्याचे सांधे भरतो. भिंत जिथे फरशीला टेकते, बेसिन जिथे ओट्याला चिकटतं, तिथली करंगळीच्या नखाएवढी पांढरी रेघ म्हणजे आमचा मामा. शाळेत त्याला सरळ रेघ कधी आली नाही असं माझी आई सांगते. पण ती त्याची मोठी बहीण, तिची साक्ष धरू नये.

कामाची रीत ठरलेली. काळवंडलेलं जुनं सिलिकॉन पात्याने मुळापासून खरवडायचं, सांधा स्पिरिटने पुसायचा, रात्रभर सुकू द्यायचा. मग दोन्ही बाजूंना चिकटपट्टी, मधे बुरशी न धरणारं सिलिकॉन आणि त्यावरून साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट, एकदाच, न थांबता. दुसऱ्यांदा बोट फिरवणाऱ्याला मामा कारागीर मानत नाही. जुन्यावरच नवं थापणाऱ्याला तर माणूसच मानत नाही. निघताना गिऱ्हाइकाला एकच वाक्य: "चोवीस तास पाण्याचा थेंब नको. अंघोळ शेजारी करा." गिऱ्हाईक मान डोलावतं आणि मामाची पाठ वळली की नळ सोडतं. म्हणून हल्ली तो नळाची मूठच काढून पिशवीत टाकतो आणि दुसऱ्या दिवशी आणून बसवतो.

अशा माणसाच्या स्वतःच्या बाथरूममधले सांधे मात्र काळेकुट्ट. कारण मामीचे वडील. त्यांनी चाळीस वर्षं तलावावर लोकांना पोहायला शिकवलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. आता ते लेकीकडेच राहतात, आणि सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर पाण्यात असतात. घरात बाथरूम एक. चोवीस तास कोरडं ठेवायचं म्हणजे मास्तरांना वाळत घालण्यासारखंच. शिवाय जावयाच्या धंद्याबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. "निघाले का जावईबापू डिंक लावायला?" असं ते रोज सकाळी विचारत.

त्या गुरुवारी फोन आला. मामाच्या लेकीचे सासू-सासरे लग्नानंतर पहिल्यांदाच राहायला येणार होते, रविवारी दुपारी. विहीणबाई चहा घेण्याआधी बशी उलटी करून बघणाऱ्यांतल्या. मामीने कमरेला पदर खोचला.

"रविवारपर्यंत ती काळी रेघ गेली नाही ना, तर मी सरळ माहेरी जाईन!"

"तुझं माहेर ते बघ, पेपर वाचतंय," मामा म्हणाला.

मी तेव्हा एका मुलाखतीसाठी त्यांच्याकडे उतरलो होतो, त्यामुळे हे सगळं फुकटात बघायला मिळालं.

शुक्रवारी संध्याकाळी मास्तरांची अंघोळ उरकल्याबरोबर मामाने सांधे खरवडले. शनिवारी सकाळी मास्तर खांद्यावर टॉवेल टाकून हजर.

"नळाची मूठ कुठंय?"

"पिशवीत."

"पिशवी कुठंय?"

"बाबा, उद्या दहापर्यंत नाही मिळायची. चला, समोर शिंपीणबाईंकडे जाऊ."

बावीस वर्षं दुसऱ्यांना शेजारी धाडणारा मामा सासऱ्यांची बादली घेऊन रस्ता ओलांडत होता. शिंपीणबाई दार उघडून इतक्या हसल्या की त्यांच्या गळ्यातली मापाची पट्टी खाली पडली.

मास्तर सव्वा तास आत होते. बाहेर आले ते वेगळाच चेहरा घेऊन.

"इथलं काम कोणाचं?"

"माझंच. चार वर्षं झाली."

"चार? खोटं बोलू नका. आमच्या तलावाच्या काठाला दर वर्षी काळं धरायचं. घासून घासून हाताची सालं निघायची." परतताना ते दोनदा मागे वळून शिंपीणबाईंच्या दाराकडे बघत होते. मला वाटलं, पाणी कमी पडलं.

घरी आल्यावर स्टूल घेऊन ते बाथरूमच्या दारात बसले. मामा काम करताना कोणाला उभंही करत नाही, पण सासऱ्यांना काय बोलणार? मामाचं बोट कोपऱ्यातून वळलं तेव्हा मास्तरांनी श्वास रोखून धरला, आणि रेघ संपल्यावर सोडला. घरभर ओल्या सिलिकॉनचा आंबूस वास सुटला. दहा वाजले होते.

रविवारी सकाळी सातला बेल वाजली. पाहुणे! दुपारच्या ऐवजी रात्रीचीच गाडी धरून आलेले.

"आधी अंघोळ, मग बाकी सगळं," व्याही बूट काढता काढता म्हणाले.

मामीचा चेहरा पडला. आणि कोणालाही न जुमानणारा आमचा मामा, मुलीच्या सासऱ्यांपुढे मेणासारखा मऊ झाला. "हो हो, करा ना," म्हणत त्याने पिशवीत हात घातला, मूठ बाहेर काढलीसुद्धा.

मास्तरांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

"दहापर्यंत कोणी आत जायचं नाही."

"बाबा, अहो, व्याही आहेत ते!" मामी कुजबुजली. मामीची कुजबुज गच्चीपर्यंत जाते.

"असू देत. भल्याभल्या साहेबांना मी पाय धुतल्याशिवाय तलावात उतरू दिलं नाही. तुम्ही चला हो माझ्याबरोबर, समोर फर्स्टक्लास सोय आहे."

आणि व्याह्यांच्या दंडाला धरून ते रस्ता ओलांडून गेलेही. व्याही पाऊण तासाने परत आले ते शिंपीणबाईंकडे पँट आखूड करायला टाकूनच. विहीणबाई म्हणाल्या, मी थांबते दहापर्यंत.

दहाला मास्तरांनी स्वतः मूठ बसवली. विहीणबाई आत गेल्या. मामी दाराला कान लावून उभी. अर्ध्या तासाने त्या बाहेर आल्या, केस पुसत म्हणाल्या, "पाणी छान तापतं हो तुमच्याकडे."

बस. एवढंच. मामी स्वयंपाकघरात जाऊन मला म्हणाली, "बघितलंसुद्धा नाही रे बाईनं!" मामा मात्र खूश होता. त्याच्या धंद्यात लोकांचं लक्ष गेलं की समजायचं, तक्रार आली.

पण मास्तरांना ते सोसलं नाही. "विहीणबाई," ते खुर्चीतून उठत म्हणाले, "चष्मा घेऊन पुन्हा आत या जरा. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय. आमच्या जावयाने केलंय."

आतून बराच वेळ त्यांचा आवाज येत राहिला, नवशिक्यांना हात कसे मारायचे ते सांगावं तसा, सावकाश, एकेक गोष्ट सोडवून. मामा चहाचा कप हातात धरून ऐकत उभा राहिला. प्यायचा विसरला.