मामा वारले त्या रविवारी

माझे सासरे एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास वारले. त्या वेळी ते शिरगावच्या समुद्रात आपल्या होडीत उभे राहून बोंबलांचं जाळं ओढत होते आणि त्यांची तब्येत उत्तम होती.

त्यांना मारलं मी. (घाबरू नका, सविस्तर सांगतो.)

मी बोईसरच्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी सुपरवायझर आहे. म्हणजे दिवसभर लोकांना हेल्मेट घाला, हातमोजे घाला, इथे उभे राहू नका असं सांगायचं आणि संध्याकाळी सालवडला घरी येऊन तेच बायकोला सांगायचं. सुनंदा फोडणी टाकायला लागली की मी गॉगल आणून देतो, असं ती माहेरी सांगते. ते साफ खोटं आहे. एकदाच दिला होता.

याच सवयीपायी दोन वर्षांपूर्वी मेहुण्याच्या लग्नात, भर मांडवात, मी सासऱ्यांना म्हणालो, "मामा, आता वय झालं तुमचं. एकटे जाता, लाइफ जॅकेट घालत नाही. होडी विकून टाका." सासूबाई गेल्यापासून त्या माणसाला ती होडीच सोबत होती, हे माझ्या हेल्मेटखालच्या डोक्यात आलंच नाही. हिराजीमामांनी हातातला लाडू ताटात ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि बोलणं बंद केलं. तेव्हापासून शिरगावला गेलो की ते मेहुण्याला सांगत, "किसन, तुज्या भावोजीला विचार, चाय पाहिजे काय." मी त्यांच्यापासून दीड हातावर बसलेलो असे. माहेराहून परतताना सुनंदा रिक्षात एक शब्द बोलायची नाही. तिला ते फार लागत होतं, आणि मला माफी कशी मागायची ते कळत नव्हतं. आमच्या कारखान्यात त्याचा फॉर्म नाही.

अशात माझ्या मुलीने, अकरावीतल्या तन्वीने, लॅपटॉपवर एक खेळ आणला. "बाबा, यात आपण एक प्रवासी व्हायचं, गावोगाव फिरायचं, सोबती जोडायचे. आपण जे ठरवू तशी गोष्ट पुढे जाते." तिची परीक्षा जवळ आली म्हणून मी लॅपटॉप जप्त केला आणि आत धोकादायक काही आहे का ते तपासायला बसलो. तपासणी सात आठवडे चालली.

खेळात एक म्हातारा नावाडी सोबतीला मिळतो. त्याचं नाव आपण ठेवायचं. हा गृहस्थ कमी बोलणारा, फुगून बसणारा, माझ्या प्रत्येक सूचनेला पाठ फिरवणारा. मी 'हिराजी' टाइप केलं. दुसरं नाव सुचेचना. शिवाय सामान वाहायला एक गाढव मिळतं. ते पुरात, आगीत, लढाईत बरोबर सगळ्यांच्या मध्ये उभं राहून ओरडतं आणि काम म्हणाल तर शून्य. त्याला मी नाव दिलं नाही.

खेळ इंग्रजीत होता, पण माझ्या डोक्यात हिराजी शिरगावच्या बोलीतच बोलायचा. हळूहळू तो खुलला. त्याने मला वारा ओळखायला शिकवलं, आपल्या गेलेल्या बायकोच्या हातच्या कालवणाबद्दल सांगितलं. खरे मामा दोन वर्षांत माझ्याशी चहाबद्दलही बोलले नव्हते, आणि हा माझ्याशी तासन्‌तास बोलत होता! मला तो माणूस मनापासून आवडायला लागला.

मग तो रविवार आला. तन्वी क्लासला गेलेली, सुनंदा बोईसरच्या बाजारात. खेळात तुफान आलं. गावच्या सगळ्या होड्या समुद्रात आणि खडकावरचा दिवा विझलेला. हिराजी म्हणाला, दिवा लावायला मी जातो. समोर दोन बटणं आली : 'थांबवा' आणि 'जाऊ द्या'. माझी सगळी नोकरी 'थांबवा' म्हणण्यात गेलेली. बोट तिकडेच गेलं. तेवढ्यात तो म्हणाला, "होडीतून उतरवून मला जगवशील रे, पण मंग मी कोण राहीन?"

मी 'जाऊ द्या' दाबलं.

दिवा लागला. एकूण एक होडी परत आली, ढोल वाजले, गाव नाचलं. फक्त हिराजीची होडी आली नाही. गाढव किनाऱ्यावर गेलं आणि समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं. बस, खेळ संपला. गाव वाचल्याचा आनंद होता, आणि त्या आनंदातच मी पन्नाशीला टेकलेला माणूस हंबरडा फोडून रडलो.

दार उघडंच होतं. शेजारच्या शुक्लाभाभी धावत आल्या. "क्या हुआ भाईसाब?"

"हिराजी गए, भाभी. तूफान में अकेले नाव लेके गए. मैंने ही जाने दिया."

(शहाण्या माणसाने इथे लॅपटॉपचा उल्लेख केला असता. मी खिडकीच्या पडद्याला नाक पुसलं.)

भाभी शुद्ध शाकाहारी. हिराजी नावाचे गृहस्थ लेकीसाठी दर महिन्याला सुके बोंबील पाठवतात, हे त्यांना वासावरून पाठ होतं. त्यांनी ताबडतोब सुनंदाला फोन केला. सुनंदाने मला केला, पण शेवट नीट बघता यावा म्हणून माझा फोन सायलेंटवर होता. मग तिने किसनला केला आणि बाजारातूनच शिरगावची रिक्षा धरली. किसन घरात शोधतो तर मामा नाहीत, किनाऱ्यावर धावतो तर होडी जागेवर नाही. मोबाइल नेहमीप्रमाणे तांदळाच्या डब्यात. आकाशात ढगसुद्धा नव्हता, पण तुफानाचं विचारतो कोण!

शिरगावात एखाद्याची होडी परतली नाही असं कळलं की लोक हातातलं काम टाकून निघतात. सुकत घातलेली मासळी कावळ्यांवर सोडून अकरा होड्या समुद्रात गेल्या. मामांची होडी गाठल्यावरचं संभाषण किसनने मला इतक्यांदा ऐकवलंय की मीच तिथे होतो असं वाटतं.

"अरे, कोण गेला?" मामांनी ओरडून विचारलं.

"तुमी गेलात, बाबा!"

"कवा?"

"अकराला. भावोजी सांगतात. त्यांनीच जाऊ दिलं."

मामांनी क्षणभर विचार केला आणि आधी जाळं पुरतं ओढून घेतलं.

दुपारी आमच्या दारात टेम्पो थांबला. मागे सुनंदा, किसन आणि पंधरा-वीस माणसं आणि पुढे ड्रायव्हरशेजारी स्वतः मयत. मी सुनंदाचा चेहरा पाहिला आणि माझं हेल्मेट कुठे ठेवलंय ते आठवू लागलो. अडखळत सगळी हकिकत सांगितली. मामा आत आले, लॅपटॉपसमोर बसले आणि नुकत्याच घरी आलेल्या तन्वीला म्हणाले, "तुज्या बापाला सांग, मी कसा मेलो ते दाखव."

मी दाखवलं. तन्वी मराठीतून सांगत होती.

"दोर असा बांधतात काय?" मामा म्हणाले. "आन् वारा बघ कुठला, शीड बघ कुठं!" टेम्पोतल्या मंडळींनी माना डोलावल्या. पण 'मंग मी कोण राहीन'नंतर त्यांनी एकही चूक काढली नाही. गाढव किनाऱ्यावर उभं राहिलं तेव्हा त्यांनी टोपीने डोळे पुसले.

"गाव वाचलं?" त्यांनी विचारलं. थेट मला! सुनंदाने माझा दंड घट्ट धरला.

"सगळं वाचलं, मामा."

"मंग बरोबर गेलो मी. तुला थांबवता आलं असतं?"

"हो. दुसरं बटण होतं."

"नाय दाबलं?"

"नाही." आणि मग दोन वर्षं घशात अडकलेलं बाहेर आलं. "मामा, मांडवात मी चुकलो. तुम्ही परत आला नाहीत तर काय, याची भीती वाटायची. ते सांगायचं सोडून होडी विका म्हणालो."

मामांनी टोपी परत डोक्यावर घातली. मग म्हणाले, "जावय, चाय टाक."

मी वीस माणसांचा चहा टाकला. उभ्या जन्मात इतक्या दिमाखात मी स्वयंपाकघरात गेलो नव्हतो. सुनंदा रडत होती, पण हे रडणं मला चालणार होतं. मामांनी आपलं मरण आणखी तीनदा पाहिलं, चौथ्यांदा टेम्पोच्या ड्रायव्हरला बोलावून दाखवलं. शुक्लाभाभींनी मयताच्या हातावर शिरा ठेवला.

आता मामा महिन्यातून एकदा खेळायला येतात. समुद्रावर जाताना लाइफ जॅकेटही नेतात. (किसन म्हणतो, त्यावर बसतात.) पहिल्याच खेपेला त्यांनी नवा खेळ सुरू केला. नावाड्याचं नाव हिराजीच ठेवलं. मग गाढव आलं. तन्वीने विचारलं, "आजोबा, याचं नाव?" मामांनी एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत टाइप केलं : सुधाकर.

"मामा, हे माझं नाव आहे."

"तुजंच टाकलंय. शेवटपर्यंत किनाऱ्यावर थांबतं ते," मामा म्हणाले.

काहीतरी छान बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात पडद्यावर गाढव ओरडलं आणि घरातल्या सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.