पिल्लाच्या गळ्यातला दोर

फेरीबोटीवरच्या फिटरला खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस शोधून सापडलं नसतं. सगळे त्याला लुडबुडे म्हणत, आणि ते त्याचं आडनावच असावं अशी नव्या प्रवाशांची प्रामाणिक समजूत होई. काही बिघडलेलं दिसलं की त्याचे हात शिवशिवायला लागत. एकदा ताप दाखवायला म्हणून दवाखान्यात गेला, तिथल्या करकरणाऱ्या दाराला तेल घातलं, कंपाउंडरच्या खुर्चीचा पाय बसवला आणि औषध घ्यायचं विसरून घरी आला. शेजारच्या नवराबायकोत अबोला झाला तर यानेच मध्ये पडून तो मिटवायचा, मग दोघांनी मिळून यालाच बोल लावायचे.

"लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात जन्म चाललाय यांचा," बायको म्हणायची. ती शिवणकाम करायची, आणि त्याने तेलपाणी केलेलं तिचं मशीन इतकं मऊ चालायचं की गिऱ्हाइकांना ते बंद आहे असं वाटायचं. त्यामुळे तिच्या तक्रारीत फारसा जीव नसे.

बोट खाडीच्या मुखातून माणसांना या काठावरून त्या काठावर नेई. इंजिन नीट लागलं की लुडबुडे खालच्या खोलीतून वर येई, मागच्या कठड्याशी उभा राहून चिंधीला हात पुसत पाण्याकडे बघे. मुखाशी डॉल्फिनचा एक कळप असायचा. त्यातली एक मादी तो हमखास ओळखायचा, कारण तिच्या पाठीवरच्या पराला कोयत्याने काप घ्यावा तशी खाच होती. आदल्या वर्षी तिला पिल्लू झालं होतं. आईच्या बगलेला चिकटून पोहणारं ते पिल्लू दिसलं की लुडबुडे प्रवाशांना असा बोलावून दाखवी, जणू घरचंच बाळ.

एक दिवस सकाळच्या फेरीला पिल्लू वर आलं तेव्हा त्याच्या गळ्याशी काहीतरी निळं दिसलं. दुसऱ्यांदा वर आलं तेव्हा लुडबुडेला नीट दिसलं. कुणाच्या तरी फाटक्या जाळ्यातला नायलॉनचा दोर होता तो. गळ्याभोवती वेढा बसला होता आणि कातडीत रुतलेल्या जागी पांढुरकं मांस दिसत होतं.

बोट चालवणारे सारंगकाका त्याच्याहून वयाने मोठे, मोजकं बोलणारे. लुडबुडे धावत त्यांच्याकडे गेला. त्यांनी दुर्बीण लावून बघितलं आणि ती परत खुंटीला अडकवली.

"वाईट झालं," ते म्हणाले.

"वाईट झालं म्हणून कसं चालेल, काका? काढायला पाहिजे तो."

"समुद्रातलं आहे ते. त्यांचं ते बघतील. आपण बरं नि आपलं काम बरं."

"त्यांचं ते?" लुडबुडेचा आवाज चढला. "मोठ्या माशाने चावा घेतला असता तर मी चकार शब्द काढला नसता. पण हा दोर काय समुद्राने वळलाय? आपणच घातलाय तो त्याच्या गळ्यात."

बोट धक्क्याला लावताना सारंगकाका म्हणाले, "एक घाण निस्तरताना दुसरी होऊ नये, म्हणजे झालं."

लुडबुडे मग हात धुऊन मागे लागला. बंदराच्या कचेरीत गेला, तिथून त्याला दुसरीकडे पाठवलं, तिथल्यांनी तिसरीकडे. अखेर समुद्री प्राण्यांवर उपचार करणाऱ्या केंद्रातली एक तरुण डॉक्टर बोटीवर येऊन उभी राहिली. ती दिवसभर फेऱ्या करत राहिली. बोलली कमी, बघितलं जास्त. संध्याकाळी कठड्याशी लुडबुडेने तिला गाठलंच.

"डॉक्टरबाई, कधी काढायचा?"

"काढायचा की नाही, तेच ठरवतेय, काका," ती म्हणाली. "पिल्लू वाढतंय आणि दोर काही वाढणार नाही. तो आपोआप सुटलेलाही मी बघितलाय, आणि गळा चिरत गेलेलाही बघितलाय. काढायचा तर दोघांना जाळ्यात घ्यावं लागेल, आईला सोडून पिल्लू एकटं सापडायचं नाही. पिल्लू बहुतेक वाचेल. आईचं सांगता येत नाही. काही प्राणी नुसत्या धरण्याच्या भीतीनेच जातात. कुठलं जाईल ते आधी कळत नाही."

लुडबुडेने हे सगळं ऐकलं, पण त्याच्या मनात राहिलं ते मधलंच वाक्य. पिल्लू बहुतेक वाचेल.

"तुम्ही यांना रोज बघता," डॉक्टर म्हणाली. "तुमचं काय म्हणणं?"

"करूया," तो म्हणाला. विचार करायला त्याने क्षणभरही घेतला नाही, हे त्याला पुढे फार छळणार होतं.

माणसं जमवायचं काम त्यानेच अंगावर घेतलं. जाळ्याच्या दोन होड्या मिळवल्या, छातीभर पाण्यात उभी राहू शकतील अशी माणसं जमवली. सारंगकाका नाही नाही म्हणत शेवटी आले. "तू बुडशील कुठेतरी, म्हणून येतोय," ते म्हणाले.

ओहोटीला मायलेकरं आतल्या उथळ पाण्यात मासे धरायला येत. तिथेच त्यांना घेरायचं ठरलं. डॉक्टरने प्रत्येकाला काम नेमून दिलं. लुडबुडेला तिने आईपाशी ठेवलं. तिला दोन्ही हातांनी आधार द्यायचा, डोक्यावरचं श्वासाचं भोक पाण्याबाहेर राहू द्यायचं आणि काही वेगळं वाटलं की ओरडून सांगायचं.

जाळं व्यवस्थित पडलं. पाणी घुसळून निघालं, आरडाओरडा झाला आणि थोड्या वेळाने सगळं शांत झालं. खाचवाली लुडबुडेच्या हातांत होती. आयुष्यभर त्याने लोखंड हाताळलं होतं. तिचं अंग ओल्या रबरासारखं गुळगुळीत लागलं, आणि त्याच्या पंज्याखाली तिचं काळीज धडधडत होतं. पलीकडे डॉक्टर पिल्लाच्या गळ्यातला दोर कापत होती. पिल्लू बारीक शिटीसारखं ओरडे आणि प्रत्येक ओरडण्याला आईचं सगळं अंग ताठ होई.

"झालं हं, झालं बाई," लुडबुडे तिला म्हणत होता. "एवढं काढू दे. मग जा दोघं."

ती फुस्सकन श्वास सोडे, घेई, पुन्हा सोडे. मग मध्ये खूप वेळ गेला. त्याला वाटलं, निवांत झाली. मग त्याच्या ध्यानात आलं की पंज्याखालची धडधड लागत नाही.

"डॉक्टरबाई!" तो ओरडला. "डॉक्टरबाई, ही..."

त्याच वेळी डॉक्टरने कापलेला दोर वर उचलला. धक्क्यावर गर्दी जमली होती. त्यांना तो निळा दोर तेवढा दिसला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्ट्या वाजवल्या. डॉक्टर पाणी तुडवत लुडबुडेकडे आली, जे करता येण्यासारखं होतं ते सगळं तिने केलं. शेवटी ती फक्त उभी राहिली. टाळ्या अजून चालूच होत्या.

जाळं उचललं तरी पिल्लू जाईना. आईभोवती फेऱ्या मारत राहिलं. तिला होडीला बांधून न्यावं लागलं, आणि पिल्लूही बरंच अंतर होडीमागे गेलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, पिल्लाला जीवदान म्हणून. आईबद्दल शेवटी एक ओळ होती. परगावी असलेल्या लेकीचा फोन आला. "बाबा, तुमचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय! आमच्या ऑफिसात सगळ्यांनी बघितला."

"आईशी बोल," तो म्हणाला आणि फोन बायकोच्या हातात दिला.

त्यानंतर लुडबुडेचे हात थांबले. शेजारीण मिक्सर घेऊन आली तर म्हणाला, "दुरुस्तीच्या दुकानात टाका, वहिनी. माझ्याकडून बिघडेल." धक्क्यावरचं फाटक निखळून लोंबत होतं, त्याला वळसा घालून तो जाऊ लागला. एकदा जेवताना बायको म्हणाली, "अहो, करायला गेलात चांगलं. झालं भलतंच. तुमच्या मनात काही वाईट होतं का?"

"तिला माझ्या मनातलं काय कळणार? तिला माझे हात कळले," तो म्हणाला आणि ताटावरून उठला.

पुढचं संकट वेगळंच निघालं. पिल्लू बोटीच्या मागे येऊ लागलं. जखम भरत होती, पण ते एकटंच होतं, आणि बोटीच्या पोटाशी चिकटून पोहायचं. प्रवाशांना फार कळवळा आला. कुणी पिशवीतून मासे आणून पाण्यात टाकू लागलं. डॉक्टर फोनवर निक्षून म्हणाली, "एक मासासुद्धा नको, काका. त्याला स्वतःला धरता येतात. बोटीकडे खायला मिळतं हे एकदा शिकलं की इंजिनाच्या पंख्याखाली येऊन मरेल."

मग लुडबुडे कठड्याशी पहारा देऊ लागला. एका म्हाताऱ्या बाईच्या हातातला मासा त्याने अक्षरशः हिसकावून घेतला.

"दगडाचं काळीज आहे का रे तुझं?" बाई कळवळून म्हणाली. "आई नाही त्याला!"

"माहितीये, आजी," तो म्हणाला. "माझ्याइतकं कुणाला माहीत नाही."

मासा हातात धरून तो खाली इंजिनखोलीत गेला आणि तिथे, आवाजात कुणाला ऐकू येणार नाही अशा जागी, रडला. सारंगकाकांनी मात्र बघितलं. पुढच्या फेरीपासून लोकांना अडवायला तेही अधूनमधून कठड्याशी येऊ लागले.

हळूहळू पिल्लू लांब राहू लागलं. मग दिसेनासं झालं. पुढे एकदा सारंगकाका म्हणाले, कळपात गळ्याला वळ असलेलं एक दिसलं. लुडबुडेने दुर्बीण घेतली, डोळे दुखेपर्यंत बघितलं. वळ होता की पाण्याची सावली, त्याला ठरवता आलं नाही.

एकदा डॉक्टर बोटीवर आली होती, तेव्हा त्याने विचारलंच. "आपण चुकलो का?"

"निर्णय माझा होता, काका."

"धरलं होतं मी."

तिने त्याच्याकडे बघितलं. "पुन्हा तसंच पिल्लू दिसलं तर मी बहुधा पुन्हा तेच करीन," ती म्हणाली. "आणि त्याही वेळी मला हाच प्रश्न पडेल."

त्याला तिचा रागही येईना आणि दिलासाही वाटेना. पण त्या दिवशी घरी आल्यावर त्याने शेजारणीला मिक्सरचं विचारलं, "वहिनी, बघू का मी? चालेल तुम्हाला?" लुडबुडे परवानगी मागतोय म्हटल्यावर ती घाबरलीच, बरं नाही की काय याला!

वर्षभराने डॉक्टरचा फोन आला. मुखापाशी एक मोठा डॉल्फिन जखमी आहे, पाठीवर बोटीच्या पंख्याचा खोल घाव आहे, असं कुणीतरी कळवलं होतं. ती लांब होती, पोचायला वेळ लागणार होता. "धरू नका, जवळ जाऊ नका. नुसतं बघा आणि मला सांगा."

लुडबुडेने बघितलं. घाव पाहून त्याचे हात आपोआप पुढे झाले, ते त्याने कठड्यावर घट्ट दाबून धरले. सगळ्या फेऱ्यांना तो तिथेच उभा होता. संध्याकाळी त्याने फोन केला. "पाण्याखाली जातोय. मासा धरताना दिसला. सोबतचे त्याला सोडून जात नाहीयेत. पण घाव वाईट आहे हो."

"मला वाटतं, थांबूया," डॉक्टर म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"

या वेळी कळप आणखी दोनदा वर येऊन जाईपर्यंत तो बघत राहिला. "थांबूया," शेवटी म्हणाला.

काही दिवस तो डॉल्फिन दिसत राहिला. मग एका सकाळी कळप आला, त्यात तो नव्हता. सारंगकाका म्हणाले, मोठ्या पाण्याकडे गेला असेल. घरी बायकोनेही विचारलं.

"मेला असेल का हो?"

"माहीत नाही."

"आणि धरला असता तर?"

"तेही माहीत नाही," लुडबुडे म्हणाला. तिने मशीनवरचं कापड बाजूला सारलं आणि त्याच्याजवळ येऊन बसली. दिवा लावायची वेळ झाली होती, पण कुणी उठलं नाही.