सिंगापूरहून ऐकलेला सातवा सामना

समजा, तुम्हाला बर्फ करायचा आहे. ट्रेभर नाही, साठ मीटर लांब आणि तीस मीटर रुंद. बाहेर बत्तीस अंश तापमान आहे आणि हवा इतकी दमट, की सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळीही ओलसर लागतो. तुमच्यासमोर सिमेंटची गारठलेली फरशी आहे. तिच्या पोटात नळ्यांचं जाळं आहे आणि त्या नळ्यांतून उणे दहा अंशांचं खारं पाणी फिरतं आहे. हातात पाइप घ्या, पण घाई करू नका. एकदम पाणी सोडलंत तर कुठे फुगवटा येईल, कुठे खळगा पडेल. कागदाइतका पातळ फवारा मारा, तो गोठू द्या, पुन्हा मारा. मग पांढरा रंग, लाल-निळ्या रेषा आणि त्यांच्यावर पुन्हा थर. शेवटचे थर गरम पाण्याचे द्या, कारण गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते आणि बर्फ काचेसारखा घट्ट होतो. तीन सेंटिमीटरला तीन दिवस लागतात. चौथ्या दिवशी शाळेची सहल येते, पहिलंच पोर त्याच्यावर दाणकन आपटतं आणि तुम्ही आधी बर्फाला चीर गेली का ते बघता.

हेमचंद्र मयेकर गेली सात वर्षं हे काम करतात. सिंगापूरच्या पश्चिम भागातल्या एका शॉपिंग सेंटरच्या तिसऱ्या मजल्यावर स्केटिंगची रिंक आहे, तिथले ते रेफ्रिजरेशन इंजिनिअर. रोज सकाळी बिशानच्या घरून एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने निघतात, हातात जाड स्वेटर. शेजारचे लोक हसतात. घरी आपण दही लावतो, तसं ते ‘आज बर्फ लावला’ म्हणतात. तिथे नवे तापमापक बसवायला गेलो असताना मला हा शब्द पहिल्यांदा ऐकू आला आणि मग बाकीची हकीकत हळूहळू कळत गेली.

मयेकर मूळचे वेंगुर्ल्याचे. १९८४ च्या जानेवारीत ते फळं वाहून नेणाऱ्या एका जहाजावर चौथे इंजिनिअर होते. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहान बंदरात जहाजाचा पंखा फिरवणारा शाफ्ट तुटला आणि नवा यायला साडेतीन महिने लागले. बाहेर उणे वीस. एका दुपारी गावात फिरताना त्यांना एका इमारतीच्या मागच्या बाजूने वाफ येताना दिसली. जिथे वाफ तिथे ऊब, एवढाच विचार करून ते दार ढकलून आत गेले. ती आइस हॉकीच्या हॉलची मशीनरूम होती. बर्फातून काढलेली सगळी उष्णता तिथेच बाहेर पडते, त्यामुळे गावातली सगळ्यांत उबदार जागा तीच होती.

आत गॉर्डन होता, तिथला बर्फवाला. पन्नाशीचा, तिरसट, आणि वर्षानुवर्षं कॉम्प्रेसरशेजारी बसून एका कानाने ठार बहिरा.

“दार लाव,” तो म्हणाला. “कोण तू?”

मयेकरांनी टेबलावरचा लांब स्क्रू ड्रायव्हर उचलला, टोक कॉम्प्रेसरला लावलं आणि मूठ कानाला. बोटीवर सगळे इंजिनिअर असंच करतात. डॉक्टरच्या नळीसारखा मशीनचा आवाज थेट कानात येतो.

“तिसरा सिलिंडर,” ते म्हणाले. “झडप नीट बसत नाहीये.”

गॉर्डनने मशीन उघडून पाहिलं. झडप खरोखरच तडकलेली होती. त्या दिवसापासून मयेकर रोज तिथे जाऊ लागले. बर्फ लावायला ते तिथेच शिकले.

त्या हॉलचा संघ होता टग्ज. बंदरात मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटींवरून ते नाव पडलेलं. खेळाडू पगारी होते, पण लीग लहान. उन्हाळ्यात त्यातले निम्मे मासेमारीच्या बोटींवर जात. वर्षानुवर्षं टग्जचा नंबर शेवटून पहिला. तरी सामन्याच्या संध्याकाळी अख्खं गाव हॉलमध्ये असे. मयेकर मशीनरूमच्या खिडकीतून बघत. रबराची काळी चकती बर्फावरून सरकते, तिचा आवाज होतो, आणि तो बर्फ आपण सकाळी स्वतः लावलेला असतो.

“खेळणाऱ्यांपेक्षा मलाच जास्त धडधडायचं,” ते म्हणतात.

एप्रिलमध्ये शाफ्ट बसला. निघायच्या आदल्या दिवशी गॉर्डनने कॉफीचा मग पुढे सरकवत विचारलं, “राहतोस इथे? मला मदतनीस हवाय. कागदपत्रांचं मी बघतो.”

मे महिन्यात मयेकरांचं लग्न ठरलं होतं. संजीवनीला समुद्र चालेल, पण बर्फ झेपणार नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं आणि नाही म्हणाले. सहा वर्षांनी त्यांनी बोट सोडली, सिंगापुरात किनाऱ्यावरची नोकरी धरली आणि वर्षभरात रिंकची जाहिरात दिसली. त्या ऑफरबद्दल संजीवनीताईंना कळलं तेव्हा लग्नाला दहा वर्षं होऊन गेली होती.

“मला विचारलंत?” त्या म्हणाल्या होत्या. “मी नाही म्हणणार हे तुमचं तुम्हीच ठरवलंत.”

“तू आली असतीस?”

“ते आता कशाला सांगू? आता सांगायला काय, सोपंच आहे.”

गॉर्डनशी अधूनमधून पत्रापत्री होतीच; १९९५ च्या ऑक्टोबरपासून दर सोमवारी रिंकच्या ऑफिसात गॉर्डनचा फॅक्स येऊ लागला. त्याच्या हॉलमध्ये फॅक्स मशीन नवंच आलं होतं आणि त्याला ते वापरायची हौस होती. पहिल्या फॅक्सवर दोनच ओळी होत्या: ‘पाच सामने, पाच पराभव. बर्फ उत्तम.’ मयेकरांनी त्याच दिवशी उत्तर पाठवलं, बर्फाचं तापमान किती आणि जाडी किती ते विचारून. मग तो शिरस्ताच झाला. फॅक्सच्या चकचकीत कागदावरची अक्षरं काही आठवड्यांत उडू लागतात, म्हणून मयेकर बॉलपेनने प्रत्येक अक्षर गिरवून ठेवत.

नोव्हेंबरात टग्जनी छत्तीस वर्षांचा एक गोलकीपर आणला, ज्याला दुसऱ्या कोणी घेतलं नव्हतं. आणि ते जिंकू लागले. डिसेंबरात सलग सात सामने. जानेवारीत ते लीगमध्ये चौथे होते, फेब्रुवारीत दुसरे. बिशानच्या फ्लॅटमध्ये कॅलेंडरवर सत्यनारायणाच्या शेजारी आता टग्जच्या तारखा लिहिल्या जाऊ लागल्या.

“सोमवारी फॅक्स आणि मंगळवारी मूड,” संजीवनीताई म्हणत. “यांची टीम हरली की आमच्याकडे आमटीत मीठ नसलं तरी कळत नाही यांना.”

दहा वर्षांची अनघा तर तिच्या सिंगापुरी इंग्रजीत सरळच बोले. “बाबा, यू नेव्हर इव्हन प्लेड हॉकी, लाह.”

“नाही खेळलो. पण बर्फ कोणी शिकवला मला?”

“सो? दे डोन्ट इव्हन नो यू.”

हे लागलं. कारण मयेकरांना नेमकं तेच हवं होतं. टग्ज जिंकावेत एवढंच नाही, त्या जिंकण्यात आपला हात असावा. नावगाव न लिहिलेला, कोणाला दिसणार नाही असा, पण असावा. जानेवारीत त्यांनी गॉर्डनला सुचवलं होतं, की बर्फ अर्धा सेंटिमीटर पातळ कर, म्हणजे पृष्ठभाग लवकर थंड होईल आणि चकती जास्त वेगाने पळेल. उत्तर आलं: ‘माझ्या बर्फापासून लांब राहा.’ मार्चमध्ये त्यांनी खाऱ्या पाण्याच्या पंपाबद्दल लिहिलं. त्याला उत्तरच आलं नाही.

मे महिन्यात टग्ज अंतिम फेरीत पोचले. सात सामन्यांची मालिका होती. सहा सामन्यांनंतर तीन-तीन अशी बरोबरी. सातवा सामना टग्जच्या हॉलमध्ये, शनिवारी संध्याकाळी साडेसातला. म्हणजे सिंगापुरात रविवारी सकाळी साडेसहाला. गॉर्डनने कळवलं, की मशीनरूमच्या फोनवर फोन कर, मी रिसीव्हर खिडकीत ठेवतो, जे ऐकू येईल ते ऐक.

मयेकर सहालाच आंघोळ करून फोनशी बसले. संजीवनीताईंनी चहा आणून ठेवला.

“नऊ वाजता पुण्याहून दादाचा फोन असतो माझ्या,” त्यांनी आठवण करून दिली.

“तोवर संपेल.”

“आणि नाही संपलं तर?”

“तर दादाला सांग, मॅच टाय झाली.”

फोन लागला. गॉर्डन एवढंच ओरडला, “खिडकीत ठेवतोय!” आणि मग आवाजांचा ढीग कोसळला. प्रेक्षक, शिट्ट्या, लाकडी फळ्यांवर आपटणारी अंगं. स्कोअर कळायला मार्ग नव्हता. गर्दी गरजली की मयेकर संजीवनीताईंकडे बघत आणि त्या खांदे उडवत. हॉकीत वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात. पहिल्या विश्रांतीत गॉर्डनने सांगितलं, “एक-एक. इथे भयंकर उकडतंय. दारं उघडी टाकलीत, तीन हजार माणसं आत आहेत. बर्फ मऊ पडतोय.”

दुसरा भाग सुरू झाल्यावर थोड्या वेळाने मयेकरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एक कान बोटाने बंद केला.

“काय झालं?” संजीवनीताईंनी विचारलं.

“श्श. ऐक.” त्यांनी रिसीव्हर बायकोच्या कानाला लावला.

“मला नुसता गोंगाट ऐकू येतोय.”

“गोंगाटाच्या खाली. टक, टक-टक, टक. दोन नंबरचा कॉम्प्रेसर ठोकतोय.”

सगळं गाव खेळ बघत होतं आणि हा माणूस अर्ध्या पृथ्वीपलीकडून मशीन ऐकत होता. त्यांना चित्र लख्ख दिसलं. बर्फ मऊ पडला म्हणून गॉर्डनने खारं पाणी गार करणाऱ्या अमोनियाचा व्हॉल्व्ह जास्त उघडला असणार. कोणीही तेच करेल. पण जास्त उघडला की अमोनियाची पुरती वाफ होत नाही, द्रवच कॉम्प्रेसरमध्ये शिरतो, आणि द्रव दाबला जात नाही, तो ठोकतो. अशा वेळी व्हॉल्व्ह उघडायचा नाही, मिटायचा. नाहीतर तासाभरात झडपा फुटतील, कॉम्प्रेसर बंद पडेल आणि शेवटच्या भागात खेळाडू चिखलात खेळतील.

“गॉर्डन!” ते ओरडले. “गॉर्डन!”

“शेजारी जागे होतील हो!” संजीवनीताई म्हणाल्या. पण मग त्याही फोनमध्ये ओरडल्या, “गॉर्डन!” झोपेतून उठून आलेली अनघा दोघांकडे बघत राहिली.

दुसऱ्या विश्रांतीपर्यंत कोणी फोन उचलला नाही. मग गॉर्डनचा धापा टाकणारा आवाज आला. “तीन-तीन! ऐकतोयस ना?”

“दोन नंबर ठोकतोय. व्हॉल्व्ह मिट. दीड फेरा.”

“काय?”

“तुझा चांगला कान लाव! व्हॉल्व्ह दीड फेरा मिट!”

“अरे, बर्फ मऊ पडलाय म्हणून तर आत्ता उघडला मी.”

“म्हणूनच ठोकतोय. मिट.”

मग गॉर्डन हळू म्हणाला, “हे तुला सिंगापूरला ऐकू येतंय?”

“येतंय. मिटतोस ना?”

भोंगा वाजला. रिसीव्हर कशावर तरी आदळला. मयेकर डोळे मिटून ऐकत राहिले. टक, टक-टक. एक मिनिट. दोन. त्यांनी एक हात वर धरला होता, जणू घरातल्या सगळ्यांनी श्वासही रोखावा. मग गर्दीची अशी गर्जना झाली की तिच्याखालचं सगळं बुडून गेलं, आणि लाइन तुटली.

त्यांनी पुन्हा फोन लावला. एंगेज. पुन्हा. एंगेज. नऊला दादांचा फोन आला आणि संजीवनीताईंनी, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, त्यांना सांगितलं, “दादा, नंतर कर.”

सोमवारी फॅक्स आला. एवढ्या मोठ्या अक्षरांत, की कागदावर दुसरं काही मावलं नव्हतं: ‘४–३. आपण चॅम्पियन!’

महिन्याभराने पत्र आणि फोटो. मिरवणुकीबद्दल दोन पानं, म्हाताऱ्या गोलकीपरच्या रडण्याबद्दल अर्धं पान. कॉम्प्रेसरबद्दल एक अक्षरही नाही. फोटोत बर्फाच्या मधोमध साध्या बुटांत गॉर्डन उभा आहे आणि खेळाडूंनी कप त्याच्या डोक्यावर धरला आहे. मयेकर तो फोटो भिंगातून बघतात. कपाकडे नाही, खाली. बर्फ कोरडा होता की ओला ते त्यांना चकाकीवरून कळलं असतं, पण सगळीकडे फेकलेले ग्लव्ह्ज आणि कागदाच्या पट्ट्या पसरल्या आहेत.

त्याच वर्षी गॉर्डन निवृत्त झाला. जुने कॉम्प्रेसर भंगारात गेले. आता नाताळाला कार्ड येतं, त्यात गुडघेदुखी असते, नातवंडं असतात.

“मग विचारून टाका ना एकदा,” संजीवनीताई मागच्या आठवड्यात माझ्यासमोरच म्हणाल्या.

“कसं विचारू? एकतीस वर्षं त्याने बर्फ लावला. तो एकच कप त्याच्या वाट्याला आला. त्यात माझा वाटा किती, असं विचारू?”

“आणि तो नाही म्हणाला तर?” संजीवनीताईंनी विचारलं.

स्वेटरची घडी घालून मयेकरांनी तो पिशवीत ठेवला, चपला घातल्या, आणि दारात थांबून वळले. संजीवनीताईंना, मला की स्वतःलाच विचारत होते कोण जाणे:

“पण मिटला असेल का हो त्याने तो व्हॉल्व्ह?”