अप्पांचे चार रकाने

खराब माल समोर आला की बाकीचे विचारायचे, "कुणी केलं?" अप्पा विचारायचे, "कुठं कळलं?" लातूरच्या आमच्या कारखान्यात शेतातल्या मोटारींच्या स्टार्टर पेट्या बनतात. तिथली तपासणी अप्पांकडे होती. कपाळावर भस्माचे पट्टे, खिशात टेस्टर. मी इंजिनिअर होऊन उमरीहून आले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला भिंतीवरच्या फळ्यापुढे उभं केलं.

फळ्यावर खर्चाचे चार रकाने होते: चूक होऊ नये म्हणून केलेला, तपासणीचा, कारखान्यात सापडलेल्या चुकीचा आणि गिऱ्हाइकाकडे गेलेल्या चुकीचा. "पहिले दोन आपण ठरवून करतो, माय. तिसरा सोसावा लागतो. चौथा किती होईल, कुणालाच सांगता येत न्हाई."

मालकांना पहिले दोनच डोळ्यांत खुपायचे. एका हंगामात नव्या कामगारांचं आठवडाभराचं शिक्षण त्यांनी दोन दिवसांवर आणलं. अप्पा रोज जास्त पेट्या उघडून पाहू लागले. तरी एका सकाळी त्यांना एका नव्या कामगारानं जोडलेली, अर्थिंगचा स्क्रू ढिला असलेली पेटी सापडली; अशा पेटीत बिघाड झाला, तर हात लावणाऱ्याला शॉक बसतो. त्याच कामगाराच्या हातच्या बारा पेट्या आदल्या दिवशी निलंग्याच्या दुकानात गेल्या होत्या.

"फोन करून सांगू की," मालक म्हणाले.

"तुम्ही फोन करा. मी निघालो."

मीही त्यांच्यासोबत टेम्पोत बसले. दुकानात अकरा पेट्या मिळाल्या. बारावी सकाळीच एका शेतकऱ्यानं नेली होती आणि त्याचा फोन लागेना. पत्ता विचारत शेतात पोचलो, तर पेटी बसवून तो लाईटची वाट बघत उभा. "बाराला येती," म्हणाला. साडेअकरा होऊन गेले होते. अप्पांनी फ्यूज काढून पेटी उघडली. स्क्रू नुसत्या बोटानं फिरत होता. तो आवळला आणि ते बांधावर बसले.

"एवढ्याशा स्क्रूसाठी लातूरहून आलाव?" शेतकरी हसला आणि त्यानं तांब्याभर पाणी दिलं.

परतताना मी म्हणाले, "कुणाला काही झालं नाही. तिसऱ्या रकान्यात लिहू."

"न्हाई. आपल्या दारातून बाहेर गेली ना? चौथ्यातच."

मालकांनी ती नोंद उभ्यानं वाचली. दुसऱ्या दिवसापासून शिक्षण पुन्हा आठवडाभराचं झालं.

अप्पा आता निवृत्त होऊन नांदेडला लेकीकडे असतात. गेल्या महिन्यात मी फोनवर सांगितलं, की त्यांच्या जागी आलेल्या बाईंनी नुसत्या शंकेवरून गाडीत भरलेला माल उतरवला, आणि मालकांनी त्यांना चहा पाजला.

"बरं केलंस सांगितलंस," अप्पा म्हणाले. "आता निवांत जेवतो."