परसातल्या चुलीवरचे चार पाय

१९९४ च्या जानेवारीत, पोंगलनंतरच्या शनिवारी, तंजावरच्या आमच्या घरी पहिल्यांदा डुकराचे पाय शिजले. शिजवले आईने.

कारण काका. वडिलांचे हे थोरले भाऊ सैन्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे राहत. पापनाशमच्या रस्त्यावर मोपेडवरून पडून त्यांचा पाय मोडला होता. प्लास्टर निघाले, पण त्यांचे जेवण सुटले. दोन घासांनंतर ताट सरकवत. डॉक्टरांनी बजावले होते, अंगात ताकद आली नाही तर हे पुन्हा चालणार नाहीत. एकदा काका वडिलांना म्हणाले, आसामात पलटणीत डुकराच्या पायांचा रस्सा मिळे, तो मिळाला तर घेईन.

आमच्याकडे रविवारी मटण होई, तेही परसातल्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत. डुक्कर कधीच नाही. आईने एवढेच विचारले, कुठे मिळतात? वडिलांनी चार पाय आणले.

बकऱ्याचे पाय खाटकाकडूनच भाजून येत. यांच्यावर केस तसेच होते. आईने ते नारळाच्या सोडणांच्या जाळावर धरले, सुरीने खरवडले, तांदळाचे पीठ आणि हळद चोळून तीनदा धुतले. मग मिरे, धणे, छोटे कांदे घालून संध्याकाळपर्यंत मंद आचेवर ठेवले. तोवर काका औषधाच्या गुंगीत झोपले होते.

रस्सा सकाळपर्यंत टिकवायचा होता. नव्या फ्रिजमध्ये देवाची फुले असत, मटण कधी ठेवलेले नव्हते. आमच्याकडेच राहणाऱ्या आत्याने हरकत घेतली. आईने फुले काढून केळीच्या पानात बांधली आणि पातेले आत ठेवले.

सकाळी रस्सा घट्ट थिजलेला. पळी आत जाईना. असे आमच्यापैकी कोणी पाहिले नव्हते.

"वहिनी, नासलं हे. ओतून टाक," आत्या म्हणाली.

आईने वास घेतला. बोटभर उचलून जिभेवर ठेवले.

"नासलेलं पातळ होतं, घट्ट नाही," ती म्हणाली आणि पातेले चुलीवर चढवले. पाच मिनिटांत रस्सा सुटला.

काकांनी पहिली वाटी संपवली. दुसरीत हाडे चोखली.

"पलटणीतला भटारी मिरं घालताना हात राखायचा," ते म्हणाले. "तू नाही राखलास."

शेजारणीने कुंपणापलीकडून विचारले, कसला वास? आईने पदार्थाचे नाव सांगितले, आवाज न चोरता.

काकांनी तिसरी वाटी घेतली. दुपारी भात मागितला.