माझ्या मापाची सायकल

धाकट्या दिरानं पुण्याहून गाडीच्या टपावर बांधून सायकल आणली तेव्हा मी गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवत होते. सात रस्त्याजवळ खाली आमचं साड्यांचं दुकान आणि वर घर, त्यामुळे घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी दुकानासमोर उतरते. दोऱ्या सुटल्या, पुठ्ठा निघाला आणि हातातली साडी तशीच टाकून मी पायरीवर आले. मोरपंखी रंगाची, कार्बनची, शर्यतीची सायकल. पुण्यातल्या खेळाच्या सामानाच्या एका मोठ्या दुकानात कार्बनची सायकल त्यातल्या त्यात परवडणाऱ्या भावात मिळते, हे मला चांगलं ठाऊक होतं. हीच सायकल मी फोनवर इतक्यांदा बघितली होती की फोन उघडला की तीच समोर यायची.

ती जावेसाठी होती.

आता हे सांगितल्याशिवाय राहवत नाही की आमच्या घरात सायकलचं खूळ आणलं ते मी. पहाटे पँट चढवून विजापूर रोडला जाणारी आमच्या गल्लीतली पहिली सून मी, आणि त्यापायी बोलणी खाल्ली तीही मीच. जावेला गेल्या दिवाळीनंतर शिकवलं ते माझ्याच जड लोखंडी सायकलवर, मागून सीट धरून. ती धड सरळ चालवायला लागली नाही तोच तिच्या नवऱ्यानं तिच्यासाठी पुणं गाठलं. माझ्या नवऱ्याला मी हीच सायकल दाखवली होती, तेव्हा ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले होते, "तुला हाय की एक सायकल."

सासूबाईंनी दांडीला विभूतीची तीन बोटं ओढली, हार घातला, आणि एका हातानं सायकल सहज उचलून म्हणाल्या, "हिला वजनच न्हाय की गं." जाऊ लाजली. सगळ्यांनी पेढे खाल्ले, मीही खाल्ला. तो गोड लागला नाही. मी जळत होते, दुसरा शब्द मला सापडत नाही.

संध्याकाळी जिन्याखाली ठेवलेली सायकल बघायला मी मुद्दाम गेले. दांडीवर माप लिहिलेलं होतं. मध्यम. जाऊ माझ्या खांद्याला लागते, तिला सगळ्यात लहान माप हवं होतं. मी दिराला विचारलं, "भावजी, माप कसं काय ठरवलं?"

"माप कशाचं? शेवटचा पीस होता, रंग आवडला, उचलला."

बरोबरच आहे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या साड्या विकल्या जातात. साडी रंग बघून घ्यायची, काठ बघून घ्यायची, नेसणारीचं माप कोण विचारतो? साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, ठरलेला. मी उंच आहे, तो पन्हा मला कायम आखूड पडतो आणि घोटे उघडे राहतात, पण साड्यांच्या दुकानातल्या सुनेनं तक्रार कुणाकडं करायची?

मध्यम माप माझं होतं. दुकानातल्या टेपनं पायाची लांबी मोजून मी ते कधीच ठरवून ठेवलं होतं.

मी तोंडात मिठाची गुळणी धरली. जाऊ सीट अगदी तळाला बसवून, तरी चवड्यांवर उभी राहून ती सायकल हाकायची. हँडलला हात पुरायचे नाहीत. मान आखडायची, बोटं बधिर व्हायची. मी माझ्या लोखंडी धुडावर तिच्या पुढं जायचे, आणि खरं सांगते, बरं वाटायचं. एकदा रेल्वे पुलाच्या पायथ्याशी ती उतरली आणि म्हणाली, "अक्का, तुमी बघा की चालवून. माझंच काय तर चुकतंय."

मी सीट वर ओढली आणि बसले. पाय जिथं पोचायला हवा तिथंच पोचला, हात जिथं पडायला हवा तिथंच पडला. पुलाची चढण कधी संपली ते कळलंच नाही. परत येऊन मी सीट पुन्हा खाली सरकवली, पान्यानं घट्ट केली आणि म्हटलं, "चांगली हाय की."

काही दिवसांनी जेवताना जाऊ म्हणाली, "मी सोडते सायकल. मला जमायचं न्हाय." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की सासूबाईंनी तिच्याकडं वळून बघितलं. दीर भाकरी मोडत म्हणाला, "मग वहिनी वापरतील. न्हायतर पडूनच ऱ्हाईल."

सायकल माझ्या हातात आली होती. गप्प बसून नुसती आमटी वाढून घ्यायची होती. पण ते "पडूनच ऱ्हाईल" मला फार झोंबलं. जावेला न आवडलेल्या साड्या याच वाटेनं माझ्याकडं येतात. मला नुसती सायकल नको होती. माझं नाव घेऊन कुणीतरी ती टपावर बांधून आणायला हवी होती, आणि तसं कुणी आणणार नव्हतं.

"तिला जमतंय," मी म्हटलं, "सायकल मोठी हाय तिला. लहान मापाची बदलून आणा."

बिल होतं, सायकल नवीच होती, दुकानात नवा माल आला होता, त्यांनी बदलून दिली. माझ्या मापाची सायकल पुन्हा टपावर चढून गेली तेव्हा मी गिऱ्हाइकाला काठ दाखवत होते. मान वर केली नाही.

तसल्याच मोरपंखी रंगाची लहान सायकल आली आणि जाऊ सुसाट सुटली. आता पुलाच्या माथ्यावर ती माझी वाट बघत उभी असते आणि मी धापा टाकत पोचले की विचारते, "दमलात व्हय अक्का?" तिला टोचून बोलता येत नाही, ती खरंच काळजीनं विचारते, त्यानं मला आणखी राग येतो. घरात मात्र सगळे मला मोठ्या मनाची म्हणतात. सासूबाईंनी चार नातेवाइकांना सांगितलंय.

परवा दिरानं दुकानातली एक साडी बाजूला काढून माझ्या हातात दिली. "वहिनी, ही तुमाला. सायकलीच्या रंगाचीच शोधली."

मी ती लगेच नेसून बाहेर आले. दीर म्हणाला, "रंग लई खुलतोय तुमच्यावर." जाऊही म्हणाली. मी खाली बघितलं. घोटे उघडेच होते.