डीव्हीडीवाले भाई

भाई कुणाच्याही दारात गेले की चपला काढायच्या आधी घरात प्लग कुठं आहे ते बघायचे. यूसुफभाई हे त्यांचं नाव. पण आष्ट्यात आणि आसपासच्या गावांत ते डीव्हीडीवाले भाई म्हणूनच ओळखले जात. बाजारपेठेत त्यांचं दुकान होतं, पण दुकानात ते क्वचितच सापडत. स्कूटरला मागं टोपली बांधलेली, तीत फडक्यात गुंडाळलेला प्लेअर आणि बाजूला डिस्कची पिशवी. "आक्का, पाचच मिन्टं बघा. न्हाई आवडलं तर उचलून नेतो," असं म्हणत ते घरात येत, टीव्हीच्या मागं जाऊन पिवळी, लाल, पांढरी वायर खोचत आणि भिंतीला टेकून खाली बसत. खुर्ची दिली तरी घेत नसत.

आमच्या घरात पहिली डीव्हीडी लागली तेव्हा मी शाळेत होते. व्हिडिओ कॅसेटचं ते खरखरणारं, मुंग्या आल्यासारखं चित्र आम्ही शेजारी पाहिलं होतं. ही चकचकीत चकती आत गेली आणि पडद्यावर माणसाच्या कपाळावरचा घाम दिसायला लागला. आई पदर तोंडाशी धरून उभीच राहिली. लग्न होऊन आल्यापासून ती थेटरात गेली नव्हती. कुणी अडवलं होतं असं नाही; ऊस, जनावरं, पाहुणे यांतून कधी जमलंच नाही. आमच्या गल्लीतल्या बहुतेक बायकांचं तेच होतं. भाईंनी ते बरोबर हेरलं होतं.

पुढं सिनेमाच्या अस्सल डिस्क स्वस्त झाल्या, कागदी पाकिटातून स्टँडवरसुद्धा मिळू लागल्या, तेव्हा डिस्क काढणाऱ्या एका कंपनीनं दुकानदारांना सांगलीत बोलावून जेवण दिलं. विक्री कशी वाढवायची, पोस्टर कुठं लावायचं, डिस्क कशा मांडायच्या, हे सगळं पडद्यावर दाखवलं. भाई परत आले ते हातात पोस्टरांची गुंडाळी घेऊन. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना म्हणाले, "माणसं हुशार हायत, आप्पा. पर त्यांना वाटतंय गिऱ्हाईक दुकानात येतंय. आवं, माझं गिऱ्हाईक चुलीम्होरं बसलंय. ते कवा यायचं?" ती पोस्टरं त्यांनी पिठाच्या गिरणीत लावली, बांगड्यांच्या दुकानात लावली. पंचमीला माहेरी आलेल्या लेकींच्या घरी ते प्लेअर आणि डिस्क पोचवत आणि सण झाल्यावर घेऊन जात. त्याचं काही घेत नसत. त्यातल्या कितीतरी लेकींनी सासरी जाऊन प्लेअरचा हट्ट धरला. भाईंचा धंदा वाढला तो असा.

लग्नाच्या शूटिंगच्या डिस्क तयार करायचं कामही त्यांनी सुरू केलं. जुन्या कॅसेटवरची लग्नं डिस्कवर उतरवून देत. डिस्क पुसायची तर मधून कडेला पुसायची, गोल फिरवायची नाही, हे ते प्रत्येक घरी सांगत. "सिनेमा परत मिळंल. ही माणसं परत मिळायची न्हाईत," असं त्यांचं म्हणणं.

माझ्या दादाच्या लग्नाची डिस्क त्यांनीच केली होती. दादा फौजेत होता. लग्नानंतरची रजा संपवून तो गेला आणि पुढच्या रजेच्या आधीच डोंगरातल्या रस्त्यावर त्याची गाडी दरीत कोसळली. तिरंग्यात गुंडाळून त्याला आणलं तेव्हा सगळं आष्टा लोटलं होतं. मग माणसं आपापल्या घरी गेली, आणि आमच्या घरात आम्ही चौघं उरलो. आप्पा, आई, मी आणि सुजाता वहिनी.

आईनं ती डिस्क लावायला सुरुवात केली. सकाळची कामं उरकली की लावायची. वीज गेली तर काळ्या पडद्यासमोर तशीच बसून राहायची. जेवण सुटलं. वहिनीशी तर ती बोलेचना. पायगुण हा शब्द तिनं कधी उच्चारला नाही, पण वहिनीनं वाढलेलं ताट ती सरकवून ठेवायची आणि वहिनी ते मुकाट्यानं उचलायची. अंगानं आई निम्मी झाली होती.

शेवटी आप्पा भाईंच्या दुकानात गेले. मी सोबत होते. आप्पा खाली बघत म्हणाले, "भाई, एक काम करा. ती डिस्क दुरुस्तीला म्हणून घिऊन या आन् तिच्यावर एक रेघ वढा. बिघडली म्हणून सांगा. न्हाईतर ही बाई ऱ्हायची न्हाई."

भाई बराच वेळ हातातलं फडकं चुरगाळत राहिले. "रेघ वढायला कितीसा येळ लागतोय, आप्पा," ते म्हणाले. "पर आत पोरगं हाय न्हवं. माझा हात उचलायचा न्हाई." आप्पांचा चेहरा पडला. तेव्हा भाई उठले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "उद्या दुपारी मी येतो. आक्कासंगं बसतो."

ते आले. आई डिस्क लावून बसलीच होती. भाई नेहमीसारखे भिंतीला टेकून खाली बसले आणि रिमोट स्वतःकडं घेतला. पडद्यावर वऱ्हाड उतरत होतं. "आक्का, ह्यो भगव्या फेट्याचा म्हातारा कोण?" आई पडद्याकडंच बघत राहिली. भाईंनी चित्र थांबवलं. म्हाताऱ्याचा चेहरा पडद्यावर तसाच राहिला. आई वैतागून म्हणाली, "माझा थोरला मामा हाय. लावा की म्होरं." भाईंनी पुढं लावलं आणि जरा वेळानं परत थांबवलं. "आन् ही पोरगी कुणाची, हिरव्या परकराची?"

त्यानंतर भाई बरेच दिवस येत राहिले. दुकान बंद करून भरदुपारी येत. आई आधी नुसती नावं सांगायची, मग नावांबरोबर हकिगती यायला लागल्या. कुणाचं लग्न मोडता मोडता जुळलं, कुणाच्या सासूनं मांडवात रुसवा धरला. बोलता बोलता ती चहा घ्यायला लागली. एकदा चहाबरोबर अर्धी भाकरी खाल्ली, तेव्हा आप्पा उठून मागच्या परड्यात गेले आणि डोळे पुसून आले.

मग तो दिवस आला. पडद्यावर दादा आणि वहिनी शेजारी बसलेले, समोर होम पेटलेला. दादा वहिनीच्या कानाशी वाकून काहीतरी बोलतो आणि खाली मान घातलेली वहिनी एकदम हसते. भाईंनी नेमकं तिथं चित्र थांबवलं.

"आक्का, ही कोण?"

स्वयंपाकघरात वहिनी कणीक मळत होती. परातीचा आवाज थांबला.

"नाव नगा घिऊ," भाई हळू आवाजात म्हणाले. "पर वळख तर द्या. एवढ्या सगळ्यांची दिलीसा."

आई त्या चित्राकडं बघत राहिली. "सून हाय माझी," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, जणू पहिल्यांदाच दिसल्यासारखं, "हसतीया बघा कशी."

मग तिनं हाक मारली. "सुजाता, हिकडं ये."

वहिनी दारात येऊन उभी राहिली. हाताला कणीक तशीच होती. आईनं पडद्याकडं बोट केलं. "काय म्हणाला गं तो तुझ्या कानात?"

वहिनीनं पडद्याकडं बघितलं. "म्हणाले, फेटा लय घट्ट बांधलाय मामांनी. आता डोकं फुटतंय बघ."

आई हसली. खरोखर हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. दादाला आणलं त्या दिवसापासून ती अशी मोकळी रडली नव्हती. वहिनी धावत येऊन तिच्या कुशीत शिरली आणि आईच्या पाठीवर कणकेची बोटं उमटली. मी वळून पाहिलं तर भाई उठून गेले होते. रिमोट टीव्हीवर ठेवलेला होता.

त्या दुपारनंतर डिस्क रोज लागायची थांबली. ती कपाटात राहिली. कधी सणाला, कधी दादाच्या वाढदिवसाला आई आणि वहिनी दोघी मिळून लावत. पुढं नर्सिंगचं शिकायला वहिनीला साताऱ्याला पाठवायचं ठरलं, तेव्हा भावकीतली माणसं कुरकुरली. "माझी सून हाय, मी बघून घेईन," असं म्हणून आई स्वतः तिला एसटीत बसवून आली.

भाईंच्या धंद्याला मात्र उतरती कळा लागली. सिनेमे मेमरी कार्डात आले, मग मोबाइलवर आले. कऱ्हाडला मोबाइलचं दुकान असलेला त्यांचा मुलगा म्हणायचा, "अब्बा, आता पुरे." भाई त्याच्यावर कधी चिडले नाहीत. दुकान आवरताना सिनेमाच्या डिस्क त्यांनी भंगारात दिल्या, पण लोकांच्या लग्नांच्या, बारशांच्या ज्या प्रती त्यांच्याकडं होत्या त्या स्कूटरवर घालून गावोगाव परत करत फिरले. बऱ्याच घरांत प्लेअर राहिलेच नव्हते. कुणी म्हणे, "भाई, आता ह्याचं काय करू?" भाई म्हणत, "असू द्या. कुणीतरी इचारंल, मग काढा." आमच्याकडं आले तेव्हा चांगलेच थकलेले दिसत होते. जिना चढल्यासारखा दम लागत होता. आईनं त्यांना पहिल्यांदाच दटावून खुर्चीवर बसवलं.

गेल्या हिवाळ्यात भाई गेले. वहिनी आता साताऱ्याला एका दवाखान्यात नर्स आहे. कळताच पहिल्या गाडीनं आली. आम्ही तिघी त्यांच्या घरी जाऊन आलो. मुलगा म्हणाला की जनाजा बाजारपेठेतून निघेल आणि आमच्या गल्लीवरून कबरस्तानाकडं जाईल.

दुपारच्या नमाजानंतर निघाला. त्यांच्यात बायका कबरस्तानात जात नाहीत, आमच्याकडंही स्मशानात जात नाहीत. पण त्या दिवशी आमच्या गल्लीत एकही उंबरा रिकामा नव्हता. म्हाताऱ्या, सुना, माहेरी आलेल्या लेकी, सगळ्या डोक्यावरून पदर घेऊन उभ्या होत्या. भाईंच्या दुकानाची पायरी यांतली एखादीच कधी चढली असेल. कुणी मोठ्यानं रडत नव्हतं. माणसं खांदा बदलत पुढं सरकत होती, तेवढाच पावलांचा आवाज.

जनाजा आमच्या दारासमोर आला. आप्पांना हल्ली काठीशिवाय चालवत नाही. त्यांनी काठी वहिनीच्या हातात दिली, टोपी सारखी केली आणि गर्दीत शिरले. भाईंच्या मुलानं त्यांना पाहिलं आणि बाजूला सरून जागा करून दिली. आप्पांनी खांदा दिला आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत सोडला नाही.